एका गॅलनची सोयरीक

११ नोव्हेंबर १९७३, काष्टी

पेट्रोल भडकलं आणि आमच्या ओट्यावर सुतक आलं!

संध्याकाळी आप्पा आणि शेजारचे काकासाहेब बराच वेळ नुसतेच बसून होते. मग काकासाहेब म्हणाले, "आप्पा, जीप इकून म्हस घ्यावी म्हन्तो. म्हस पिती, पर निदान दूध तरी देती." झालं, गाडी सुरू झाली — गप्पांची. प्लग, पॉइंट, टायरचे रिमोल्ड, कुठल्या पंपावर माप कमी, कुठल्या पंपावर रॉकेल मिसळतात. मी तीनदा चहा दिला. चहाचं अ‍ॅव्हरेज मात्र कुणी काढत नाही.

आमची गाडी म्हणजे लष्कराची जुनी अ‍ॅम्ब्युलन्स. पोस्टातून रिटायर झाले त्या वर्षी आप्पांनी नगरच्या लिलावात घेतली. आत झोपायला दोन बाकं, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, आईने शिवलेले फुलाफुलांचे पडदे. आप्पा तिला घरगाडी म्हणतात, काकासाहेब चालतं बिऱ्हाड. सुट्टी लागली की आम्हाला भरून कुठेतरी नेतात. उतार आला की इंजिन बंद, पेट्रोल वाचतं म्हणून! चढावर आईने देवाचं नाव घ्यायचं, उतारावर मी. भंडारदऱ्याचा धबधबा मला आठवत नाही. तिथे रेडिएटरची नळी फुटली होती, ती आठवते.

आणि रोज तेच वाक्य — "गॅलनला अठरा मैल देते." शाळेत मी पोरांना लिटर-किलोमीटर घोकून घेते, आमच्या ओट्यावर अजून इंग्रजांचंच राज्य आहे. अठरा म्हणे! काकासाहेबांची जीपसुद्धा एवढं देत नाही. गाडीवाले सगळेच फेकतात. पण आप्पांनी जरा बेताने फेकावं.

मी एक ठरवलंय. नवरा सायकलवाला हवा. फार तर एस.टी.चा पास.

१४ नोव्हेंबर

स्थळ आलंय! मिरजगावचं. माधव नाव, हायस्कुलात गणिताचे मास्तर. सायकलने शाळेत जातात — आईने हे मुद्दाम दोनदा सांगितलं. मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवला.

रात्री जेवताना आप्पांनी घास हातात धरून बातमी दिली. मुलाचे वडील शामकांतराव. त्यांनीही लिलावातली अ‍ॅम्ब्युलन्स घेतलीय. तीच बनावट, त्याच वर्षीची! त्यांनीही बाकं बसवलीत!

आप्पांना एवढं खूश मी मॅट्रिकच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. माझं नशीबच पंक्चर.

१८ नोव्हेंबर, रविवार

बघण्याचा कार्यक्रम झाला. बघितलं ते इंजिन.

मंडळी त्यांच्या घरगाडीतून उतरली. शामकांतराव खाली आले ते घरात न येता थेट आमच्या गाडीकडे. आप्पा त्यांच्या गाडीकडे. दोन्ही बॉनेटं वर. काकासाहेब मध्ये, देवळात यावं तसे हात जोडून. मी नऊवारी नेसून पोह्यांचा ट्रे धरून दारात उभी. मला नाव विचारायचं कुणाला सुचेना!

शेवटी तो दिसला. कडुलिंबाला धरून ओकत होता. मी ट्रे ठेवला आणि लिंबू-मीठ घालून पाणी नेलं. दुसरं करणार काय? त्याने ते प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "माफ करा. मला मोटारीचा वास सोसत नाही. लहानपणापासून. सायकलनेच आलो असतो, पण लांब पडलं."

मी म्हटलं, "मी इंदू."

तो म्हणाला, "तुम्हाला... गाड्यांची आवड?"

"छे!"

"हुश्श," म्हणाला. असं मनापासून 'हुश्श' मी कुणाचं ऐकलं नव्हतं. मला हसू आलं, त्यालाही आलं. मग म्हणाला, लग्नानंतर शाळा सोडू नका, मिरजगावात मास्तरणीची जागा निघणार आहे. मी काही बोलणार, तोच बाहेर आवाज चढले.

आप्पांनी अठरा सांगितले होते. शामकांतराव म्हणाले, "माझी पंधरा देते, आणि माझ्यापेक्षा चांगली ठेवलेली गाडी जिल्ह्यात नाही. अठरा कसे द्याल? ढकलत नेता का?" आप्पा म्हणाले, "मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही." ते म्हणाले, "मग आज सुरुवात केलीत." 

दोन्ही बॉनेटं धाडकन बंद. पोहे तसेच राहिले. गाडीत चढताना माधवने एकदा मागे वळून पाहिलं, मग नाकाला रुमाल लावला.

१९ नोव्हेंबर

आप्पा गाडी पुसतायत. काल पुसलेलीच.

२३ नोव्हेंबर

आई म्हणाली, "एक चिठ्ठी टाका, म्हणा चुकून बोललो. मुलीचं बघायचं की मैलांचं?" आप्पा म्हणाले, "चुकून बोललो नाही."

मग माझा तोल गेला. लाज सोडून सांगितलं — "आप्पा, मला तो मुलगा आवडलाय. मला तिथेच जायचंय. आणि अठरा-अठरा काय घेऊन बसलात? सगळे खोटं सांगतात, तुम्हीही सांगता. त्यात काय एवढं!"

आप्पा चाकापाशी बसले होते. वर बघितलं नाही. म्हणाले, "ते फडकं दे गं." मी फडकं दिलं आणि आत येऊन रडले.

२५ नोव्हेंबर

काकासाहेब परस्पर मिरजगावला जाऊन आले आणि तोडगा घेऊन आले. असा तोडगा फक्त गाडीवाल्यांनाच सुचू शकतो. पुढच्या रविवारी दोन्ही गाड्या मिरजगावहून नगरच्या रस्त्याला सोडायच्या. प्रत्येकीच्या टपावर एक गॅलन पेट्रोलचा डबा बांधायचा आणि तिथून नळी थेट इंजिनला. पेट्रोल संपेल तिथे गाडी उभी. रस्त्याच्या कडेचे जुने मैलाचे दगड मोजायचे. हरेल त्याने माफी मागायची. साक्षीदार म्हणून आप्पांच्या गाडीत शामकांतरावांचा माणूस, त्यांच्या गाडीत काकासाहेब.

मी काकासाहेबांना गाठलं. "काका, आणि आप्पा जिंकले तर?"

काकासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तर मग अवघड हाय, पोरी. वरबापाला चारचौघांत माफी मागाया लावली, तर सोयरीक तुटली म्हून समज. त्ये मानूस मोडंल, पर वाकायचं न्हाई."

"हे आधी सुचलं नाही?"

"गाडीच्या नादात ऱ्हाऊन गेलं बघ."

म्हणजे माझं लग्न आता एका डब्यावर. हे देवा, आप्पा खोटं बोलत असू देत. मुलीने बापासाठी मागावं असं मागणं नाही हे. पण मागितलं.

२ डिसेंबर, रविवार

मिरजगावहून परत आलो. सगळं नीट लिहिते, नाहीतर उद्या स्वप्न वाटेल.

साक्षीदार म्हणून आप्पांच्या गाडीत बसवलं कुणाला? माधवलाच! घरात दुसरा माणूस नव्हता. बिचारा गाडीत चढायच्या आधीच हिरवा पडला होता. मी लिंबू दिलं, सगळ्यांदेखत. त्याच्या आईने पाहिलं. आप्पांनी चपला काढल्या. ते अनवाणीच चालवतात, पायाला यंत्र कळतं म्हणतात. नारळ फोडला, गाड्या गेल्या. आम्ही बायका स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसलो. मी सालं भांड्यात टाकत होते आणि वाटाणे सुपात फेकत होते, की उलट, कुणास ठाऊक!

दुपार कलल्यावर काकासाहेबांची हाक. "निकाल लागला!"

शामकांतरावांची गाडी साडेबारा मैलांवर थांबली. आप्पांची अकरावर.

अकरा!

आप्पा ओसरीवर आले, शामकांतरावांसमोर हात जोडले. "माझंच चुकलं. वय झालं, बोलून गेलो. अकरा देते." शामकांतरावांनी त्यांना मिठीच मारली. "चालायचंच हो! जुनी गाडी!" त्यांचेही पंधरा भरले नव्हते, पण जिंकणाऱ्याला कोण विचारतो? आत आले आणि पहिल्यांदा मला म्हणाले, "काय गं, नाव काय तुझं?"

साखरपुडा ठरला! माधव खांबाला टेकून उभा होता, पांढराफटक. माझ्याकडे बघून हसला आणि लगेच आप्पांकडे बघायला लागला. मळमळत असेल अजून.

येताना आप्पांनी उतारावर इंजिन बंद केलं नाही. मी मागच्या बाकावर पडून हसत होते. शेवटी माझंच खरं ठरलं ना! नऊ वर्षं अकराचे अठरा सांगत होते. बरं झालं, सांगत होते!

१६ डिसेंबर

ओट्यावर आता नवीन चाल निघालीय. कुणीही येतं आणि विचारतं, "काय अकरा मैल, कसं काय?" आप्पा म्हणतात, "बरं चाललंय." आज काकासाहेबही म्हणाले, "आमची जीप बरी म्हनायची, आप्पा. बारा तरी देती." मी चहा देत होते. मीही हसले. मोठ्याने.

९ फेब्रुवारी १९७४

उद्या लग्न. आप्पांनी गाडीला झेंडूच्या माळा बांधल्यात, माझ्याआधी तिलाच सजवलं. म्हणाले, "वरात हिच्यातून." मी म्हटलं, "अहो, नवरा मुलगा ओकेल!" आप्पा म्हणाले, "त्याला सवय आहे. त्या दिवशी निम्मा बाहेरच होता." आणि हसले. कितीतरी दिवसांनी.

१२ फेब्रुवारी, मिरजगाव

सकाळी विहिरीवर यांनी सांगितलं. (लिहितानाही 'यांनी' येतंय!) म्हणाले, तुझ्या वडिलांनी शपथ घातली होती, पण ओटीवर बाबा पुन्हा अकरा मैलांवरून थट्टा करत होते, मला ते ऐकवेना.

त्या दिवशी अकराव्या दगडाशी आप्पा वाकले आणि नळीचा कॉक बंद केला. हे बघतच राहिले. आप्पा म्हणाले, "साक्षीदार, मळमळतंय ना? मग तोंड बाहेर ठेवा." गाडी थांबल्यावर डबा खाली काढायला लावला आणि म्हणाले, "उरलंय ते टाकीत ओता. लवकर, काकासाहेब येतील." डब्यात पाच भागांतले दोन भाग पेट्रोल अजून होतं. हे गणिताचे मास्तर. तिथल्या तिथे मांडून पाहिलं. अठराच येतात.

मघाशी आप्पांना कार्ड टाकलं. 'मी सुखात आहे' लिहिलं. आणि खाली, जन्मात पहिल्यांदा, विचारलं — गाडी कशी आहे?