पळसाच्या पानांचा सुहास

प्रिय सुहास,

उद्या सकाळी आम्ही तुला अग्नी देणार आहोत. तू नाहीस, म्हणून पळसाच्या पानांचा नि दर्भाचा पुतळा करून, त्याला. तुझे बाबा भावकीतल्या माणसांना घेऊन पानं आणायला गेलेत, तुझी आई आत पडून आहे आणि मी पडवीत बसून तुला लिहितेय. हे तुला कुणीतरी आधी सांगायला हवं ना?

तुझे साहेब कळंबला येऊन गेले. भला माणूस. जखमींना आणायला निघालेल्या तुझ्या हेलिकॉप्टरवर खालून गोळीबार झाला, ते हवेतच पेटलं आणि दलदलीत पडलं, एवढं त्यांनी सांगितलं. खूप शोधलं, हाती काही लागलं नाही. दादाने, तुझ्या बाबांनी, एकच विचारलं, "मंग आमी जाळायचं काय, सायेब?"

कुठे आफ्रिका, कुठे कळंब! लोकांची भांडणं मिटवायला शांतिसेनेतून जायची तुला कसली रे हौस? इथे चुलत्यांशी चाललेलं बांधाचं भांडण तुला कधी मिटवता आलं नाही.

शेवटच्या फोनवर म्हणालास, "आत्या, इथं पोपटी लावली गं." वालाच्या शेंगा नाहीत, भांबुर्ड्याचा पाला नाही, तर मडक्यात केळीची पानं घालून जाळात कसल्याशा परक्या शेंगा भाजल्या! मी म्हटलं, "पाला नाय ती पोपटी कसली रं?" किती हसलास. थंडीत आलास की चौकला माझ्या दारात खरी पोपटी लावायची, असं ठरलं होतं. थंडी आली. भांबुर्डा शेताच्या कडेने माजलाय, यंदा आमच्यापैकी कुणी तो तोडला नाही.

वहिनी, तुझी आई, या विधीला तयारच नव्हती. "तो हाय. जित्या पोराला जाळता कसं तुमी?" एवढंच म्हणायची. शेवटी दादाने कर्जतहून म्हाताऱ्या भटजींना आणलं. समजावता समजावता ते म्हणाले, "बाई, पुतळा जाळल्यावर माणूस जिवंत परत आला, तर त्याचा नवा जन्म धरतात. बारशापासून सगळं पुन्हा करतात." त्यांनी आपलं शास्त्र सांगितलं. वहिनी मात्र उठून बसली.

"म्हंजे परत येनाऱ्याची बी सोय हाय?"

भटजींच्या त्या एका वाक्यावर तिने होकार दिला. आता दोन घास खातेसुद्धा. काल मला म्हणाली, "वन्सं, नाव आत्याच ठेवते. सुहासच ठेवाल ना?" पहिल्या वेळी तुझ्या कानात ते मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "तेच ठेवीन गं."

तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. दादालाही आहे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही. देवाचा राग येतो, तुझाही येतो, आणि त्याने काही होत नाही.

एक शब्द देते. उद्या पुतळा पेटेल तेव्हा मी वहिनीला धरून उभी राहीन. पुढे ती बारशाचं बोलेल, मीही बोलेन. माळ्यावरचा पाळणा काढू या म्हणाली, तर काढेन आणि पुसून ठेवीन. तू गेलास हे तिला जगातल्या कुणाकडूनही कळो, माझ्या तोंडून कळणार नाही.

तुझी,
चौकची आत्या