डिस्क वन, डिस्क टू, डिस्क थ्री

३ फेब्रुवारी, मंगळवार
कॉम्प्युटर पुन्हा 'डिस्क फुल' म्हणतोय. पद्मा म्हणाली, तेरा वर्षांचा झालाय, नवा घ्या. का घ्यावा? आधी भोसरी, मग चाकण, एकतीस वर्षं मेंटेनन्स केलंय मी. साहेबांनी भंगारात काढलेली मशिनं चालवून दाखवलीत. कॉम्प्युटरच्या डब्यात दोन जागा मोकळ्या आहेत. दोन जादा हार्ड डिस्क बसवायच्या, विषय संपला. रविवारपर्यंत.

४ फेब्रुवारी
सईचा चऱ्होलीहून फोन. तिला कोणी कळवलं ते उघड आहे. म्हणाली, "बाबा, आधी फोटोंचा बॅकअप घ्या." ती पहिलीत असल्यापासूनचे घरचे सगळे फोटो एकाच डिस्कवर आहेत. म्हटलं, जागा नाही म्हणून तर डिस्क आणतोय. बॅकअप कुठे घेऊ, डोक्यावर? तिने फोन ठेवला. पटलं असावं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
दापोडीच्या दुकानातून दोन सेकंडहँड डिस्क आणल्या. काउंटरवर दिपाली म्हणून मुलगी आहे. "काका, बसवून देऊ का?" मी फक्त हसलो. तिच्या वयाहून जास्त वर्षं मी पॅनेल उघडतोय.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ११
झाकण उघडलं. धूळ. पद्माचा हेअर ड्रायर वापरला. विचारायला हवं होतं म्हणे. एक केबल कमी पडली, ती डीव्हीडीची काढली. हल्ली डीव्हीडी कोण बघतं? ती आखूड निघाली. मग सगळ्या केबलींची अदलाबदल केली. दोन स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचेच देतात.

दुपारी ४
चालू होत नाही. पद्माला सांगितलं, टेस्टिंग आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
रॅम हलली होती. दाबून बसवली, चालू झाला. मी म्हणालोच होतो.
स्क्रीनवर विंडोजची छोटी डिस्क सोडून डिस्क वन, टू, थ्री. तिन्ही एकाच मापाच्या, तिन्हींचं नाव 'न्यू व्हॉल्यूम'. जुनी शेवटी गेली असणार. वन आणि टू फॉरमॅट केल्या. 'सगळा डेटा जाईल' असा इशारा आला. सेकंडहँड डिस्कमध्ये आधीच्या मालकाचाच डेटा असणार, आपल्याला काय त्याचं? ओके.

दुपारी १
थ्री उघडली. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. नवरा ओळखीचा वाटला नाही. नवरीही नाही. तरी सगळे बघितले.

९ फेब्रुवारी
चूक सॉफ्टवेअरची आहे. आमच्याकडे साध्या व्हॉल्व्हलासुद्धा टॅग असायचा. तिघींना एकच नाव देणाऱ्याला कामावरून काढलं पाहिजे.
पद्माने तिच्या वडिलांचा फोटो मागितला, गुरुवारी अण्णांचं वर्षश्राद्ध आहे. म्हटलं, टेस्टिंग चालू आहे.

१० फेब्रुवारी
सांगितलं. ती भांडी घासत होती. घासत राहिली. "अण्णांचे पण?" एवढंच विचारलं.
हेअर ड्रायरवरून बोलली होती तशी बोलली असती तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी
दापोडी. दिपालीने विचारलं, फॉरमॅटनंतर आत काही टाकलंत का? नाही. "मग बरेच फोटो परत येतील, काका." म्हणजे मी काही टाकलं नाही म्हणून वाचले. हे पद्माला सांगितलं. ती कपाटात रेशनकार्ड शोधत होती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
श्राद्धाला अण्णांचा रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला. सईने बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
आठ हजार एकशे चाळीस फोटो परत आले. अण्णांचेही आहेत. फक्त नावं, तारखा, फोल्डर गेले. नुसते नंबर. म्हटलं, दोन दिवसांत लावून टाकतो.
पहिला फोटो उघडला. सई आणि केक. कितवा वाढदिवस? दुसरा, गॅदरिंग, सई सशाच्या वेशात. कुठलं वर्ष? तिसरा, सईचा हात प्लास्टरमध्ये. हात कधी मोडला होता?
चाळीस उघडले. एकातही मी नाही. म्हटलं, कॅमेरा माझ्याकडे असणार.
"कॅमेरा माझ्याकडे असायचा," पद्मा म्हणाली. "तुम्ही सेकंड शिफ्टला."
शिफ्ट काही हौसेने केली नाही, घर त्यावर चाललं, हे मी स्पष्ट सांगितलं. ती नाही म्हणाली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली.
"सरका थोडे. मी सांगते, तुम्ही टाईप करा."
संध्याकाळपर्यंत दोनशे बारा झाले. मी टाईप केले.