पुरात उभी माणसं

१४ जुलै
नर्स म्हणून पहिलं पोस्टिंग! मुलचेऱ्याहून जीप, मग डोमाभाऊच्या डोंग्यातून नदी पार. एकाच झाडाचं खोड कोरून केलेला डोंगा. मी दोन्ही कडा घट्ट धरून बसले तर डोमाभाऊ हसला. उपकेंद्राला नवा पिवळा रंग दिलाय, मागच्या खोलीत माझी खाट. गावच्या आशा कार्यकर्त्या नीलाबाईंनी ताटभर भात आणि अंबाडीची भाजी आणली. डोमाभाऊची बायको गुणाबाई कारली देऊन गेली. सोमारीला तपासलं. आठवा महिना, पहिलटकरीण, रक्त कमी. गोळ्या दिल्या. आईला फोनवर सांगितलं, गाव छान आहे, काळजी नको.

२० जुलै
सहा दिवस झड लागलीये. नदी पार फुगली, रोवणी झालेल्या भाताच्या बांध्या गाळाखाली गेल्या, मोबाइलचा टॉवर बंद. गावातल्या जंगूचा मलेरिया डोक्यात चढला, तो कोणाला ओळखेना. मीच चिठ्ठी लिहून त्याला पलीकडच्या दवाखान्यात पाठवलं. डोमाभाऊ पुराकडे बराच वेळ पाहत राहिला, पण गेला. दुपारी डोंगा खालच्या वळणावर झुडपात पालथा सापडला. दोघंही नाहीत.
गुणाबाई तेव्हापासून काठावरच बसून आहे. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ जुलै
सकाळी दहा वाजता सगळ्या गावाने पाहिलं. नदीच्या मधोमध डोमाभाऊ आणि जंगू उभे होते. कमरेइतक्या पाण्यात. तिथे पाणी तीन पुरुष खोल आहे. मोठमोठे ओंडके त्यांच्यावर आदळत होते, पण ते हलत नव्हते.
नीलाबाईंनी मला ओढून आत आणलं. म्हणाल्या, "नाव घेऊन बलावतीन, मॅडम. ओ देऊ नोका."

२४ जुलै
आज ते काठापासून अर्ध्या अंतरावर आलेत. डोमाभाऊने गुणाबाईला हाक मारली, जेवायला बोलवावं तशी. ती लुगडं सावरून पाण्यात उतरली. चौघांनी धरलं तरी —
आता तिघं उभी आहेत.

२५ जुलै
सोमारी पहाटेपासून कळा देत होती. दिवस भरले नव्हते. अकराला सुटली. मुलगी. रडली. पण रक्त थांबत नाही. होती ती इंजेक्शनं संपली. मिनिटभर टॉवर आला, फोन लागला. पलीकडे अ‍ॅम्ब्युलन्स येऊन उभी आहे, इथून दिसते. झुडपातून ओढून आणलेला डोंगा काठाला आहे, पण वल्हवायला कोणी तयार नाही. त्यांना दोष कसा देऊ?

दुपारी दोन
तरी सोमारीला बाजेवरून काठाला आणलं. डोंग्यात डोमाभाऊ बसलाय. वल्हं हातात. अंगातून पाणी गळतंय. बाज आणणारे पळाले.
"बसा मॅडम. मी पोचवतो."
नीलाबाई माझा हात ओढतायत. सोमारीची नाडी लागत नाही.
मी ओ दिली. दुसरं काय —

दोन वीस
डोंग्यात. बाळ नीलाबाईंकडे ठेवलं. नाडी लिहायला वही घेतली, अक्षर हलतं. सोमारी श्वास घेते आहे. अ‍ॅम्ब्युलन्स डावीकडे मागे राहिली. म्हटलं, भाऊ, दवाखाना तिकडे. तो म्हणाला, माहीत हाय. वल्हं उचलून आत ठेवलं त्याने.
पुढे पाण्यात — जंगू, गुणाबाई, मागे अनोळखी, किती तरी, बायका, लेकरं — सगळ्यांनी हात —
सोमारीला ओढतायत. मी सोडणार ना