लाल ठिपका

२२ ऑगस्ट, शुक्रवार

शिंकले! ट्रिगरवर बोट असताना शिंकले आणि छर्रा थेट भिंतीच्या पत्र्यात. नीलम खो खो हसली. तंबाखूच्या वखारीत नेमबाजीचा क्लब काढायची बुद्धी कुणाला सुचते? नागोजी सर म्हणतात, दहा मीटर लांब रिकामी जागा निपाणीत दुसरी दाखवा. निवृत्त सुभेदार. आम्हा बायकांशीसुद्धा परेडवर असल्यासारखे बोलतात.

क्लबात बायका आम्ही दोघीच आणि एअर रायफल एकच. तिची नजर वेगळी, माझी वेगळी. म्हणून नेम डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या मागच्या साईटच्या स्क्रूवर दोन खुणा केल्यात. माझा पांढरा ठिपका, तिचा लाल – तिच्याच नेलपॉलिशचा. आपली पाळी आली की स्क्रू आपल्या ठिपक्यावर आणायचा. एवढं साधं! तरी ती दर वेळी मला विचारते, बरोबर आहे ना?

२६ ऑगस्ट

मी! मीच!

चौदा सप्टेंबरला बेळगावला नवशिक्यांची स्पर्धा आहे. आजवर कधीच स्पर्धेत न उतरलेल्यांसाठी. रायफल एकच म्हणून क्लबातून बाई एकच जाणार, आणि सरांनी माझं नाव दिलं. नीलमनं पाठ थोपटली. जरा जोरातच.

घरी कुणाला माहीत नाही. घरच्यांच्या लेखी मी संध्याकाळी चालायला जाते आणि दिवस बुडायच्या आत जेवायला परत येते. सासूबाईंना – धोंडूबाई, तोंडावर आत्या – कळलं तर संपलंच. जैनाच्या घरात बंदूक! कागदाला भोक पाडलं तर कुठला जीव मरतो, हे त्यांना पटवणारा अजून जन्मायचाय. स्वतः रागानं भांडी आपटतात ती अहिंसाच असावी. आणि श्रेयांस? नवरा आहे. आईसमोर मान हलवतो.

२८ ऑगस्ट

आम्हा जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. आत्यांचं एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, चालू आहे आणि माझं बोलणं मधेच तोडणंही. सकाळी मी म्हणाले, आज भाजीला – झालं, पुढचं त्याच बोलल्या.

वखारीत लाईनवर उभं राहिलं की मागे कुणी बोलायचं नाही असा नियम आहे. मी त्या नियमासाठी जाते. सरांना सांगितलं तर हसतील. बेळगावला तर अनोळखी माणसं माझ्यासाठी गप्प बसतील, भरलेल्या हॉलात. मला बक्षीस नको. ते एकदा हवंय.

२९ ऑगस्ट

नाव कापलं.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या घरातनं सांगून गेल्यात, हिला पाठवू नगा म्हणून. कोण ते इचारू नगंस. नीलम जाईल."

घरातून कोण येणार? आत्यांना कळलं असतं तर एव्हाना छप्पर उडालं असतं. त्या तर कालपासून नेहमीपेक्षा गप्प. पर्वाचं मौन असेल. म्हणजे माझ्या घरचं नाव सांगून दुसऱ्याच कुणाला तरी पाठवलं. आणि मी घरी लपवते हे निपाणीत एकाच बाईला ठाऊक आहे, कारण मूर्खासारखं मीच तिला सांगितलं होतं.

तिला विचारलं, कोण आलं होतं? खाली बघत म्हणाली, "मला न्हाय माहीत."

खोटारडी! कशी नजर चोरली!

३० ऑगस्ट

आज उत्तम आर्जव. मनात, तोंडात आणि हातात एकच असावं, असं प्रवचनात सांगितलं. मान खाली घालून ऐकलं.

येताना दुकानातून तीच लाल शेड घेतली. दुकानदार कन्नडमधून विचारत होता, कुठल्या साडीवर लावायचं? वखारीत सगळ्यांच्या आधी पोचले. नीलमचा ठिपका पुसला, जरासा बाजूला नवा लावला, वाळेपर्यंत फुंकर घातली.

हात अजिबात हलला नाही. सरांनी बघायला हवं होतं.

२ सप्टेंबर

नीलमचे छर्रे सगळे डावीकडे! बिचारी. मला म्हणाली, "दिव्या, तू बघ गं. माझा हात हलतोय काय?"

हलतोय, म्हणाले. लई हलतोय.

मग तिनं श्वास बदलला, उभं राहणं बदललं, चपला काढून बघितल्या. सर ओरडले. मी मागे उभी राहून नियम पाळत होते. एक शब्द बोलले नाही.

४ सप्टेंबर

ठिपका आणखी थोडा सरकवला. आज कागदाचा कोपराच फाटला. सर म्हणाले, ही घाबरली. घाबरू दे. दुसऱ्याची जागा चोरून घेतली की हात कापायचेच. मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं का? नाही वाटत.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. गणपतीच्या मिरवणुकीच्या दणक्यानं वखारीचे पत्रे थरथरत होते. त्यातच नीलमनं रायफल टेबलावर ठेवली आणि रडायला लागली. माझ्या हातातच ते नाही, म्हणाली. दिव्यालाच पाठवा.

सरांनी माझं नाव परत घातलं! घरचं तुझं तू बघ, म्हणाले. बघते. भांडायचं तर भांडते, चोरून जायचं तर चोरून जाते, पण जाते.

निघताना लाल ठिपका पुसून टाकला. आता लागणार कुणाला?

७ सप्टेंबर

स्क्रूवर पांढरा ठिपका एकटाच. काय छान दिसतो!

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावाणी. सकाळपासून घरात माणसांची रीघ. हात जोडायचे, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा, म्हणायचं, लाडू द्यायचा. मीही म्हणत होते. सवयीनं.

दुपारी आत्या स्वयंपाकघरात आल्या. दार लोटलं. माझ्यापुढं हात जोडले. मला वाटलं, रीत आहे. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

"धुण्यात तुझ्या खिशात शिशाच्या गोळ्या घावल्या. मागं मागं येऊन बघितलं. मीच गेलतो त्या सरांकडं, तुझं नाव काढा म्हणून सांगाय. ती नीलम माझ्यासंगट भांडली. म्हणाली, दिव्या माझ्यापरीस चांगली मारती, तिचं नाव काढू नगा. लई भांडली. पर्वात घरात कलह नगं म्हणून मी तिला शपथ घातली, दिव्याला बोलू नगंस. चुकलं माझं."

त्यांना मधेच थांबवावं असं वाटत होतं. जमलं नाही.

उत्तम क्षमा, म्हणाले. त्या डोळे पुसत बाहेर गेल्या. जा बेळगावला, असंही म्हणाल्या. मी ओट्याला धरून उभी होते. हात थांबत नव्हते.

८ सप्टेंबर, संध्याकाळ

नीलमकडे जाऊन आले. ती जैन नाही, मी हात का जोडलेत हे तिला कळेना. उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. बाटली, ठिपका, 'लई हलतोय', सगळं. तिनं मला मधे एकदाही तोडलं नाही. एक शब्द बोलली नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दार लावलं.