कुड्याच्या मुळाची माती

१२ एप्रिल १९३६. महाड.
पुण्याहून मायक्रोस्कोप अखंड आला. काचेच्या प्लेटा चोवीसपैकी बावीस. मामांनी पुस्तकांचं कपाट रिकामं करून दिलं. मामींची अट: जंतू स्वयंपाकघरात आणायचे नाहीत. ते तिथे आधीपासून आहेत, हे बोलले नाही.
काम स्पष्ट आहे. घाणेरीचं झुडूप परदेशातून आलेलं, कुड्याचं झाड इथलं. दोन्हींच्या मुळांना चिकटलेल्या मातीतले जिवाणू मोजायचे आणि पुण्याला कॉलेजातल्या सरांकडे रिपोर्ट पाठवायचा. कुड्याच्या मुळाशी जास्त निघणार. माती आपल्या झाडाला ओळखते. मी पूर्वग्रह ठेवत नाही. हा अंदाज आहे.

२० एप्रिल.
पोलादपूरपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे दीड कोस चालत राहीबाईच्या वाडीवर. नवरा मुंबईत गिरणीत. शेती हीच बघते, दीर कुशाबा मदतीला. तिच्या बांधावर कुडा आणि घाणेरी वीस फुटांच्या अंतरात आहेत. मी उकिडवी बसून मुळं खरवडत होते तेव्हा कुशाबाने विचारलं, "बाय, मातीत काय हरवलं तुमचं?" राहीबाई म्हणाली, "गप रे. शिकलेल्यांची कामं अशीच असतात."
लेबलं स्वतः दोऱ्याने बांधली. दोनदा तपासली.

२६ एप्रिल. दुपारी ३.
प्लेटांवर जिवाणूंच्या वसाहती दिसू लागल्या. घाणेरी १९०. कुडा ८४.
लेबलांची अदलाबदल झाली असणार.

२७ एप्रिल.
पुन्हा मोजलं. १९१ आणि ८४. अदलाबदल नक्की. तक्ता दुरुस्त केला, तोही शाईने. मनात शंका असती तर पेन्सिल वापरली असती.

४ मे. वाडी.
राहीबाईची राब भाजायची तयारी. भाताचं रोप जिथे करायचं त्या वाफ्यावर शेण, पाला, गवत आणि वरून माती पसरून पेटवून द्यायचं. चार वाफे. पाल्याचे भारे ती माघापासून डोक्यावरून आणते आहे.
सांगितलं, आगीने जमिनीतले जिवाणू मरतात. म्हणाली, "जिवाणू म्हंजे किडेच ना? मग मेले तर बरंच की." म्हटलं, चांगलेही असतात, दुधाला विरजण लावतो तसं मातीलाही लावता येतं. विरजण तिला पटलं. चौथा वाफा भाजायचा नाही, त्यात कुड्याच्या मुळाची दोन पाट्या माती मिसळायची, असं ठरलं.
कुशाबा म्हणाला, "वैनी, खालच्या खाचराचं रोप ह्याच वाफ्यात व्हतं. नाय झालं तर खाचर पडीक."
ती म्हणाली, "बाय खोटं कशाला सांगंल?"
हे वाक्य इथे नोंदवायचं कारण नव्हतं.

९ जून.
पेरणी झाली. राहीबाईला बजावलं, माझ्या वाफ्यात हात घालायचा नाही, निरीक्षण बिघडतं. "नाय घालनार," म्हणाली.

२३ जून.
चारही वाफ्यांत माझा सर्वांत दाट. एका चौरस फुटात ४१२ रोपं. भाजलेल्या वाफ्यात २६०. सरांना पत्र लिहायला घेतलं. तीन मसुदे झाले, दर वेळी नम्रपणा कमी पडतो.
राहीबाईला विचारलं, कसं वाटतं? "हिरवं हाय," म्हणाली. कुशाबाला एकदम खोकला आला, तो गोठ्यामागे गेला.

५ जुलै. महाड.
सहज म्हणून काही रोपं भिंगाखाली धरली. भाताच्या पात्याच्या बुडाशी जिभेसारखा पापुद्रा असतो. बहुतेकांना नाही. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आकृतीसह आहे.

६ जुलै. वाडी.
चारशे बारापैकी भात त्रेपन्न. बाकी गवत. राबात तणाचं बी जळतं. इथे जळलं नाही, आणि दोन पाट्या मातीबरोबर मी आणखी आणून टाकलं.
राहीबाईला विचारलं, तुला कधी कळलं? "उगवल्या दिशीच." मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुमी हात घालू नको म्हनालात. मला वाटलं, तुमाला तेच हवं व्हतं."

७ जुलै.
कारणं: यंदा पाऊस जास्त. वाफा उताराचा. एकाच वाफ्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय, आणि ते मी काढलेलेच नाहीत. पत्र टाकलेलं नाही.
एप्रिलची लेबलं काढून पाहिली. अक्षर माझं, गाठ माझी. अदलाबदल झाली नव्हती.
उद्या वाडीवर जाऊन सर्वांसमोर चूक कबूल करायची. चार वाक्यं पुरतात. लिहून पाठ केली.

८ जुलै.
गेले नाही. मोटार भरलेली होती. एक जागा होती.

१० जुलै. वाडी.
लावणी करून ज्याचं रोप उरेल त्याच्याकडे राहीबाई मागत फिरते आहे. मी मागोमाग. शेजारची बयाबाई तिला म्हणाली, "राब भाजायला जड झालं व्हय गो यंदा? नवरा मुंबैचा झाला, आता तू बी झालीस."
"व्हय, ऱ्हायलं खरं," राहीबाई म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
चारही वाक्यं तोंडाशी होती. मी म्हणाले, पाऊस चांगला लागला आहे.
बयाबाईने दोन मुठी रोप दिलं.

१३ जुलै. वाडी.
गोळा केलेलं रोप खालच्या खाचराच्या अर्ध्यालाच पुरणार. अर्धं रिकामं राहील. तेवढं भात त्यांच्या घरात येणार नाही.
बोलले. राहीबाई, कुशाबा, बयाबाई समोर असताना, चारही वाक्यं, क्रमाने.
कुशाबा म्हणाला, "ते ठावं हाय सगळ्यांना. मिरगातच कळलं."
मी बयाबाईला विचारलं, मग त्या दिवशी राहीबाईला का बोललात? म्हणाली, "तिला कशाला बोलू? तुमाला ऐकू जावं म्हनून बोलले."
म्हटलं, लावणीला मदत करते. पदर खोचून चिखलात उतरले. तीन ओळी लावल्या, अंतर अचूक सहा इंच. राहीबाई म्हणाली, "झ्याक लावलंत. आता बांधावर बसा, दमला असाल."
बसले. थोड्या वेळाने पाहिलं तर ती माझ्या ओळींतलं एकेक रोप उपटून पुन्हा खोचत होती. माझ्याकडे पाठ करून, मला दिसू नये म्हणून.
मी डोंगराकडे बघत राहिले. तेवढं नीट जमलं.