युसूफभाईंचा उजवा हात

३ डिसेंबर
आत्ता दवाखान्यातून आलो. युसूफभाईंचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय, बोटांकडे जाणारी नसही दुखावलीय. काल सकाळी नशिराबादहून सायकलने जळगावला दुकानात येत होते. हायवेवर पिकअपने उडवलं. वीस वर्षं माझी पुस्तकं या माणसाने बांधली. बाइंडरचा उजवा हात! पुढे लिहवत नाही.

४ डिसें.
काल लिहायचं टाळलं ते आज. युसूफभाई उलट बाजूने येत होते, आणि तसं या म्हणून मीच सांगितलं होतं.
पावसाळ्याआधी माझं सायकलवर भाषण झालं. शेवटी सगळ्या सभागृहाने हात वर करून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी रिक्षा सोडून खरंच सायकलवर बसलेला माणूस एकच, युसूफभाई. मग एकदा दुकानात म्हणाले, "सर, मागून ट्रक येतो तर जान जाते हो." मी ठासून सांगितलं, "उलट बाजूने या. समोरून येणारं दिसतं तरी. दुभाजकाचा वळसाही वाचतो."
मी वर्षानुवर्षं तसाच जातो. इकडे सगळेच जातात. पेट्रोल पंपातून निघालेला पिकअपवाला मात्र उजवीकडे बघत होता, कारण गाड्या तिकडून यायच्या. युसूफभाई डावीकडून आले.
सगळे करतात म्हणून बरोबर, या विचारावर आयुष्यभर व्यासपीठावरून तुटून पडलो. आणि स्वतः?

७ डिसें.
शमीमभाभी खाटेशेजारी. "सर, तुम्हीच विचारा यांना. पोलिसांना बोलले, माझीच चूक. उलट्या बाजूने जायचं कुणी शिकवलं विचारलं, तर गप."
यु. भाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मीही गप्प. माइकशिवाय माझा आवाज शेवटच्या रांगेला पोचतो म्हणे.

९ डिसें.
त्यांची सायकल नानांच्या दुकानात टाकली. पुढचं चाक पापडासारखं. नाना म्हातारे, मूळचे धुळ्याकडचे, बोलतात अजून तसंच. "सायकल नीट व्हई जाई, सर. पन तो बसी का?"


११ डिसें.
सर्व्हिस रोडसाठी रविवारी सभा. कार्यकर्ते आले होते. "तुम्हीच बोला सर. पेटवून द्या." मागणी खरी, माझा संतापही खरा. सायकलवाल्याला या रस्त्यावर जागाच ठेवलेली नाही. पण या खऱ्याच्या आड मला लपता येतंय, आणि लपायला किती ऊबदार जागा आहे ती!
सभेत सांगायचं. ठरलं.

१५ डिसें.
सांगितलं. अर्धा तास रस्त्यावर बोललो, मग थांबलो. म्हणालो, "युसूफभाईंना उलट बाजूने जायला मी सांगितलं. तो हात मी मोडला."
मग टाळ्या. थांबेचनात.
खाली उतरलो तर कार्यकर्ता हाताला बिलगला, "सर, काय शेवट केलात! अंगावर काटा!" म्हटलं, "अरे, ते खरं आहे." तर म्हणतो, "म्हणूनच तर भिडलं सर. आपण सगळेच दोषी."
सगळे नाही रे. मी.
इतकी वर्षं घासून घासून जी भाषा कमावली, तिच्यात आता साधा कबुलीजबाबही मावत नाही.

२८ डिसें.
माझी सायकल जिन्याखाली तशीच. दोन्ही टायर बसले. धुळ्याहून फोन, सायकल फेरीला उद्घाटनाचं भाषण हवंय. नाही म्हटलं. कारण विचारलं तर घसा बसलाय म्हणालो. हेही खोटं.

१६ जानेवारी
प्लास्टर निघालं. बसने नशिराबादला गेलो. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकत नाहीत. सुई धरायला गेले, पडली. पुन्हा धरली, पडली. हसून म्हणाले, "सर, आता सुटी पानंच वाचा."
डॉक्टर म्हणतात, बघू.
भाभींनी चहा आणला. हिंमत करून तोंड उघडलं. "भाभी, तुम्हाला एक सांगायचंय. हे उलट बाजूने..."
यु. भाईंनी मान हलवली. नको.
भाभींनी कप पुढे सरकवला. "सर, आज भाषण नको. बसा नुसते."
बसलो. त्यांनी जमिनीवरची सुई शोधली, उजेडाकडे धरून दोरा ओवला आणि माझंच एक अर्धवट शिवलेलं पुस्तक मांडीवर घेतलं. "बोला हो, कुठून टाका घालू?" यु. भाई डाव्या हाताने दाखवू लागले.
चहावर साय धरली होती. वाक्य अजून तोंडातच.