पिवळ्या गाडीचे ब्रेक आणि माझ्या पश्चात

मी, ऋतुराज पिराजी खोराटे, वय सव्वीस, राहणार फुलेवाडी, कोल्हापूर, नोकरी स्पेअर पार्टच्या दुकानात, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचाही दाब नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असते तर ही गाडी घेतलीच नसती, असे घरच्यांचे म्हणणे आहे. तो मुद्दा इथे गैरलागू आहे.

लिहिण्याचे कारण असे. उद्या रविवार. आमच्या घरात कोणतीही गाडी रस्त्यावर आली की तिची पहिली फेरी जोतिबाला होते. माझी दोन दारांची जुनी पिवळी स्पोर्ट्स कार मी घरामागच्या शेडमध्ये पत्रा ठोकून, इंजिन उतरवून आणि पुन्हा बसवून चालू केली आहे. इंजिनाबद्दल तक्रार नाही. परंतु ब्रेकच्या नळ्यांत हवा राहिली आहे. पेडल पहिल्यांदा दाबले की मऊ लागते, दुसऱ्यांदा दाबल्यावर गाडी थांबते. सपाटीला हे चालून जाते. जोतिबाच्या डोंगराच्या उतरणीला दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळेलच असे नाही.

ही हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचा नट सैल करून हवा बाहेर सोडायची. आठवडाभर मी दुसरा माणूस शोधत आहे. आई म्हणाली, "माझा गुडघा धरलाय." बहीण स्नेहल म्हणाली, "दादा, नेलपेंट ओलं हाय माझं." वडील, म्हणजे आबा, म्हणाले, "जलमभर ट्रॅक्टर चालवला, असली थेरं कधी केली न्हाईत." फेरी पुढे ढकलू म्हटले तर सगळ्यांचे एकच, "देवाला शब्द दिलाय." बसायला मात्र सगळे तयार. सीट दोन, माणसे पाच, वर नैवेद्याची पिशवी.

सबब माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

गाडीतले जे शिल्लक राहील ते स्नेहलचे. भंगारात देऊ नये. कोणाच्या वरातीलाही देऊ नये.

सयाजीकाकांना माझे सर्व पॉलिश पेपर द्यावेत. मागची डिकी मी ठोकून, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरून, घासून, रंग मारून वाळत ठेवली होती. काका जोतिबाहून आले ते थेट शेडमध्ये. "नव्या गाडीला देवाचा गुलाल नको व्हय?" असे म्हणून त्यांनी मूठभर उधळला. रंग ओला होता. डिकी आजही गुलाबी आहे आणि हाताला खरखरीत लागते. ती काकांनी स्वतः घासावी. पाणी लावून घासावी, कोरडी घासल्यास ओरखडे पडतात.

पान्यांची पेटी मित्र वरद याला. त्यातला नट मापात आवळायचा नाजूक टॉर्क पाना वगळून, कारण त्याने तो हातोडी म्हणून वापरलेला मी पाहिला आहे.

बँकेतली शिल्लक आईची. आबांनी तिच्यातून म्हैस घेऊ नये.

घर माझ्या नावावर नाही. शेडचा कोपरा आबांना परत. त्यांना तिथे कडबा ठेवायचाच होता.

एवढे लिहून होईपर्यंत आबा पाठीमागे येऊन उभे राहिले. कागद लांब धरून त्यांनी वाचला. पुढचे बोलणे झाले तसे नोंदवतो.

"म्हशीचं कशाला लिवलंस?"

"आबा, ब्रेकचं वाचा."

त्यांनी पुन्हा वाचले. "समद्यास्नी वाटून दिलंयस, म्हंजे तुझ्या आईला गाडीतनं न्यायचं न्हाय?"

"आईला, स्नेहलला, काकांना, कुणालाच न्हाय. तुम्ही सगळी वडापच्या जीपनं जावा. मी एकटा गाडी आणतो."

"आन तुझं रं?"

"म्हणून तर हे लिवलंय."

आबांनी कागद परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

"आठवडाभर सांगतोय की!" माझा आवाज चढला, हे मान्य आहे.

"पेडल दाबा, पेडल दाबा, एवढंच म्हणत हुतास. मरशील म्हणून कुठं सांगिटलंस?"

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे.

ठिकाण: फुलेवाडी, कोल्हापूर
दिनांक: शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: ऋतुराज पिराजी खोराटे (सही)

साक्षीदार १: आकाराम दत्तू पोवार, शेजारी (सही)

साक्षीदार २: पिराजी सयाप्पा खोराटे, वडील. सही झालेली नाही. चपला काढून ते गाडीत जाऊन बसले आहेत आणि तिथून ओरडत आहेत, "दाबून धरलंय! आता सोडू का नको, ते तरी सांग!"